प्रतिसाद: कोंबडी पिसं फुगवून बसली तर
वर कोणीतरी हळद-लसूण देऊन दोन दिवस वाट बघा म्हटलंय. मी नाही बघणार. कोंबडी आजार शेवटपर्यंत लपवते. पिसं फुगवून, मान आखडून कोपऱ्यात बसली म्हणजे आधीच बरंच बिघडलेलं असतं.

पहाटे दाणे टाकायच्या आधी गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपा. ती रिकामी हवी. आमच्या चंपीची पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत लागली नि चोचीला आंबूस वास, तेव्हा कळलं की पिशवीतलं अन्न आंबलंय. अशी कोंबडी उलटी धरून पाणी काढायचा उद्योग घरी नको, श्वासनलिकेत गेलं तर संपलंच.

चोच उघडी, पंख अंगापासून लांब असतील तर आपल्या नागपूरच्या मे महिन्यात आधी ऊन लागलं समजा. सावली, पाय गार पाण्यात, प्यायला इलेक्ट्रोलाइटचं पाणी. पण हिरवी हगवण, वाकडी मान, घरघर दिसली तर मानमोडीची (राणीखेत, कोंबड्यांचा साथीचा रोग) शंका घ्या, लगेच वेगळी ठेवा. लस आता देऊन उपयोग नाही, ती आधी द्यायची. खोक्यात घालून सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या, सोबत ताजी विष्ठा डबीत. (आमची डबी फ्रिजात सापडली, घरात महाभारत झालं.)