हातातली डर्ट बाइक सुधारावी की नव्या मॉडेलसाठी थांबावे?

चिखलवाट:
माझ्याकडे २५० सीसीची फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस बाइक असून तिला आता सहा वर्षे झाली आहेत. बंदिस्त ट्रॅकवर माझे जाणे जवळजवळ थांबले आहे. बहुतेक वेळा मी जंगलातल्या अरुंद, दगड-मुळांच्या वाटांवर असतो आणि तिथे तीन गोष्टी खटकतात. बारीक दगडांवरून जाताना पुढचे चाक थडाथडा उडते आणि तासाभरात मनगटे बधिर होतात. चढावर वेग कमी झाला की इंजिन बंद पडते. आणि बंद पडल्यावर त्याच चढावर, एका पायावर तोल सांभाळत, किक मारत बसावे लागते. सस्पेन्शनचे काम करून घ्यावे असे ठरवत होतो, तेवढ्यात याच गाडीची पूर्णपणे नवी आवृत्ती येणार असल्याचे ऐकले. आहे त्या गाडीवर खर्च करावा, की तो पैसा राखून वर्षभर थांबावे?

जुना किकवाला:
आपल्या तीन तक्रारी एका जातीच्या नाहीत, म्हणून त्यांचे एकच उत्तर शोधू नये. पहिली बहुधा जुळणीची किंवा झिजेची आहे, दुसरी गिअरिंगची आहे आणि तिसरी गाडीच्या मूळ घडणीची आहे. थांबण्याचा विचार फक्त तिसरीसाठी करावा.

सस्पेन्शनला हात लावण्यापूर्वी सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती दबते ते, मोजा. मागचे चाक अधांतरी ठेवून ॲक्सलपासून मडगार्डवरच्या एका ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर घ्या. मग हेल्मेट, बूट अशा पूर्ण पोशाखात गाडीवर बसून तेच अंतर पुन्हा घ्या. सुमारे ३०० मिमी ट्रॅव्हल (चाकाची वर-खाली होण्याची एकूण हालचाल) असलेल्या गाडीत हा फरक साधारण १०० ते १०५ मिमी असावा. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) फिरवून तो जुळवल्यावर खाली उतरा आणि गाडी केवळ स्वतःच्या वजनाने किती दबते ते पाहा. ते ३० ते ४० मिमी असेल तर स्प्रिंग आपल्या वजनाला योग्य आहे. ते त्याहून कमी भरले तर स्प्रिंग मऊ आहे. ऐकायला हे उलटे वाटते, पण मऊ स्प्रिंगवर आपले वजन पेलण्यासाठी प्रीलोड इतका आवळावा लागतो की रिकामी गाडी दबतच नाही.

फोर्कचे, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांचे, तेल शेवटचे कधी बदलले, तेही आठवून पाहा. एकदा मी फोर्कच बदलायला निघालो होतो. उघडल्यावर आतून राखाडी, पाण्यासारखे पातळ तेल निघाले आणि मागच्या लिंकेजचे (सस्पेन्शनच्या जोडसांध्यांचे) बेअरिंग गंजून घट्ट बसले होते. मी डॅम्पिंगला (स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या यंत्रणेला) दोष देत होतो आणि गाडी बिचारी ग्रीस मागत होती.

चढउतार:
इंजिन बंद पडण्यावर सर्वांत स्वस्त उपाय पुढच्या स्प्रॉकेटचा आहे. समजा, आपले गिअरिंग १३/५० आहे (पुढच्या स्प्रॉकेटला १३ दात, मागच्याला ५०), म्हणजे गुणोत्तर ३.८५ झाले. पुढे १२ दात बसवले की ते ४.१७ होते आणि पहिला गिअर सुमारे आठ टक्के छोटा होतो. हाच परिणाम मागून मिळवायचा तर तिथे ५४ दात लागतील. पुढचे स्प्रॉकेट लहान केल्याने चेन स्विंगआर्मवरच्या रबरी पट्टीला जास्त घासते, तेव्हा त्या पट्टीवर लक्ष ठेवा. एवढ्याने भागले नाही, तर वजनदार फ्लायव्हीलचा (इंजिनसोबत फिरणाऱ्या चकतीचा) विचार करा. इंजिनचा उसळता स्वभाव त्याने थोडा निवतो, पण जंगलात तो तसाही कोणाला हवा असतो? एक्झॉस्टवर मात्र आत्ता खर्च करू नका. त्यातून मिळणारी ताकद बहुधा वरच्या आरपीएमवर असते आणि आपली अडचण अगदी खालच्या टोकाला आहे.

तिसरा गिअर:
मला मूळ प्रश्नच थोडा चुकल्यासारखा वाटतो. येणारी आवृत्ती कितीही नवी असली तरी ती मोटोक्रॉसचीच असेल: मागे १९ इंची चाक, एकमेकांना लागून असलेले गिअर आणि उड्यांसाठी कडक ठेवलेले सस्पेन्शन. एन्ड्युरोच्या, म्हणजे जंगल-डोंगरवाटांसाठी बनवलेल्या, गाडीला मागे १८ इंची चाक असते, त्यामुळे टायरची बाजू उंच मिळते आणि दगडाचा मार रिमपर्यंत सहसा पोहोचत नाही. पहिला गिअरही चढासाठीच बेतलेला असतो. म्हणजे वर्षभर थांबून आपण पुन्हा ट्रॅकचीच गाडी घरी आणाल.

शिवाय नवे ते चांगलेच, असेही नाही. होंडाने सीआरएफ ४५० आरला २०१३ मध्ये हवेवर चालणारे फोर्क दिले आणि २०१७ मध्ये पुन्हा स्प्रिंगचे बसवले. बटनस्टार्टही या गाडीत २०१७ मध्ये पर्याय म्हणून आला आणि २०१८ पासून सर्रास मिळू लागला. किकचा त्रास खरोखरच असह्य असेल, तर बटनस्टार्ट असलेली, दोन-तीन हंगाम वापरलेली एन्ड्युरो बाइक शोधा. तोवर जे बदलाल त्याचे मूळ भाग जपून ठेवा. सुधारणांचे पैसे विक्रीत क्वचितच वसूल होतात, पण मूळ रूपातल्या गाडीला गिऱ्हाईक लवकर मिळते.

चिखलवाट:
सर्वांचे आभार. सॅग मोजला: माझ्या वजनासह १०३ मिमी आणि रिकाम्या गाडीचा अवघा १८ मिमी, म्हणजे मागची स्प्रिंग मऊ आहे. पुढच्या स्प्रिंगही मऊच असाव्यात, कारण सपाटीवरसुद्धा फोर्क बराच दबलेला दिसतो.

जुना किकवाला:
मग मनगटांचे कारण बहुधा तेच आहे. दबलेला फोर्क स्ट्रोकच्या खालच्या, कडक भागात काम करतो आणि बारीक दगडही ठोशासारखा लागतो. दोन्हीकडच्या स्प्रिंग वजनाप्रमाणे घ्या, तेल बदला आणि कॉम्प्रेशनचा क्लिकर (फोर्क किती सहज दबावा ते ठरवणारा स्क्रू) एका वेळी दोनच क्लिक सैल करून त्याच वाटेवर पुन्हा चालवून पाहा. व्हॉल्व्हिंगचे, म्हणजे आतल्या झडपांच्या जुळणीचे, त्यानंतर बघू.

चिखलवाट:
स्प्रिंग, तेल आणि १२ दातांचे स्प्रॉकेट एवढेच आत्ता करतो. एक्झॉस्ट यादीतून काढला. मोजताना पाठीवरची पाण्याची पिशवी आणि हत्यारांचा पट्टा मात्र घरातच राहिला होता, तेव्हा स्प्रिंग मागवण्यापूर्वी उद्या पुन्हा एकदा मोजतो.