रेसिझम: वर्णद्वेष, वंशभेद की आणखी काही?

मेलबर्नकर: 'रेसिझमचा अनुभव आला तर कळवा' असं सांगणाऱ्या एका माहितीपत्रकाचं आमच्या भागातल्या वाचनालयासाठी मराठी करतोय. वाचणार ते मुख्यतः मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबा. 'रेसिझम'साठी सवयीनं 'वर्णद्वेष' लिहिलं आणि मसुदा ओळखीच्या एका काकूंना दाखवला. दुकानातली मुलगी पुढच्या गोऱ्या बाईच्या हातात सुटे पैसे देते आणि यांचे काउंटरवर सरकवते, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. पत्रक वाचून म्हणाल्या, "द्वेष कशाला करेल ती माझा? ओळख ना पाळख!" म्हणजे कळवण्यासारखं काही घडलंच नाही. दुसरा शब्द आहे का?

पेठेतला: रुळलेला शब्द कशाला उखडायचा? दक्षिण आफ्रिकेची 'वर्णद्वेषी राजवट' वाचतच आपण मोठे झालो. 2021 मध्ये सिडनीच्या कसोटीत सिराजला प्रेक्षकांनी छळलं, तेव्हा 'वर्णद्वेषी शेरेबाजी' वाचून कुणी अडखळलं नाही.

वऱ्हाडी: 'वंशवाद' तेवढा नको, हिंदीच्या प्रभावामुळे लोकांना घराणेशाही वाटेल. 'वर्ण' म्हटलं की चातुर्वर्ण्य आठवतं हे खरं, पण मला त्यात अडचण दिसत नाही. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत काळ्यांना गुलामीतून सोडवणाऱ्या लोकांना. दोन्हीकडचं दुखणं एक, हे मराठीला तेव्हापासून ठाऊक आहे.

मेलबर्नकर: शेरेबाजीला 'वर्णद्वेषी' चपखलच, तिथे द्वेष कानावर पडतो. माझी अडचण न बोलता होणाऱ्या गोष्टींची आहे. 1901 चा इथला स्थलांतर कायदा घ्या. गोऱ्यांखेरीज इतरांना येऊ द्यायचं नाही हा हेतू, पण कायद्यात काळा-गोरा असा शब्द नाही. फक्त श्रुतलेखनाची परीक्षा! 50 शब्दांचा उतारा, युरोपातल्या कुठल्याही भाषेत, आणि भाषा निवडणार अधिकारी. बंदरावर उतरलेल्याला इंग्रजी उत्तम येत असलं तरी दुसरी भाषा काढून नापास करता येई. कम्युनिस्ट लेखक एगॉन किश तर गोराच, पण सरकारला नकोसा. त्याला अनेक भाषा येत, म्हणून 1934 मध्ये स्कॉटिश गेलिक घातली. ही परीक्षा 1958 पर्यंत चालली. तो अधिकारी कुणाचा द्वेष करत होता की नव्हता, याला काय अर्थ? नापास झालेला परतच जायचा.

आताच्या वंशभेदविरोधी कायद्यातही (1975 चा, 18सी हे कलम 1995 मध्ये आलं) वंश आणि रंग वेगवेगळे लिहिलेत. कृत्यामुळे समोरचा अपमानित होण्याची किंवा धास्तावण्याची वाजवी शक्यता आहे का, हे ते कलम बघतं. मनातला द्वेष सिद्ध करत बसावं लागत नाही.

शब्द टाळण्यात इथले लोकही कमी नाहीत. 21 मार्च हा संयुक्त राष्ट्रांचा वंशभेदविरोधी दिवस. 1960 मध्ये त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला वर्णद्वेषी कायद्याविरुद्ध निदर्शनं करणारी 69 माणसं पोलिसांनी मारली. ऑस्ट्रेलियात 1999 पासून त्याच दिवशी 'हार्मनी डे' असतो. मुलं नारिंगी कपडे घालून शाळेत जातात, आम्ही साबुदाणावडे तळून पाठवतो. वडे संपतात, मला त्याचा आनंदच आहे. पण शार्पव्हिलचं नाव निघालेलं मी तिथे ऐकलेलं नाही.

डोंबिवलीकर: काकूंना 'दुजाभाव' विचारून पाहा. सुटे पैसे सरकवणं म्हणजे अगदी तेच.

वऱ्हाडी: दुजाभाव सासू दोन सुनांत करते. ट्रेनमध्ये कुणी "आपल्या देशात चालते व्हा" म्हणून अंगावर आलं तर त्याला दुजाभाव म्हणणार? फार मऊ होतंय.

पेठेतला: मग शीर्षकात 'वंशभेद' ठेवा आणि खाली उदाहरणं द्या. शिवीगाळ झाली तिथे 'वर्णद्वेषी' राहू द्या.

मेलबर्नकर: असंच करतो. वाक्य असं: 'रंग, वंश किंवा मूळ देश पाहून कुणी दुजाभाव केला, अपमान केला किंवा धमकावलं, तर कळवा.' काकूंना वाचून दाखवलं. "हे झालंय माझ्या बाबतीत," म्हणाल्या.

आता एक उपप्रश्न. 'आपण स्वतः कसं वागतो' असाही एक परिच्छेद आहे. आमच्या जेवणावळीत आफ्रिकन शेजाऱ्यांना 'कल्लू' म्हणणारे आहेत, आणि वर "प्रेमानं म्हणतो" असं ऐकवतात. 2007 मध्ये वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या कृष्णवर्णीय क्रिकेटपटू सायमंड्सला माकडचेष्टा करून दाखवणारेही आपलेच होते. यासाठी मवाळ शब्द सुचवू नका.

वऱ्हाडी: 'कल्लू'च छापा, अवतरणचिन्हांत. पुढे लिहा: ही शिवी आहे.

पेठेतला: वाचनालय छापेल का?

मेलबर्नकर: सोमवारी विचारतो.