आडॉल्फ बुश: क्वार्टेटपायी एकलवादक मागे पडला का?

मंद्र:
आठवडाभर आडॉल्फ बुश (१८९१–१९५२) ऐकतोय आणि एक हळहळ मनातून जात नाही, म्हणून हा धागा. दोन महायुद्धांमधल्या काळातले हे जर्मनीचे पहिल्या रांगेतले व्हायोलिनवादक. बेथोवेन आणि ब्राम्सचे कन्सर्टो (वाद्यवृंदासोबत एकट्या वादकाने वाजवायच्या रचना) त्यांच्याकडून ऐकायला लोक धडपडायचे. १९१९ मध्ये त्यांनी स्वतःचं क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो असा चौघांचा संच) काढलं आणि आयुष्याचा मोठा भाग त्यातच घातला. आज हायफेट्झचं नाव व्हायोलिन न ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. बुश म्हटलं की समोरचा विचारतो, कोण? माझं मत स्पष्ट आहे. क्वार्टेट वाजवणारे बरेच असतात; एवढ्या ताकदीच्या एकलवादकाने त्याला इतकी वर्षं द्यायला नको होती.

चौथी तार:
अजिबात पटलं नाही. शूबर्टच्या ई फ्लॅट ट्रायोचं (तिघांनी वाजवायच्या रचनेचं) त्यांचं १९३५ चं ध्वनिमुद्रण ऐका. पियानोवर रुडॉल्फ झेर्किन, चेलोवर धाकटा भाऊ हेर्मान. दुसऱ्या भागात पियानो पावलं टाकल्यासारखा चालत राहतो, धून चेलोकडे असते आणि व्हायोलिन गप्प. त्या शांततेनंतर बुश आत येतात तेव्हा ते आधीपासून तिथेच होते असं वाटतं. ही ऐकण्याची सवय कन्सर्टोतून लागत नाही, आणि ज्याला ती लागली त्याचा कन्सर्टोही वेगळा होतो. लहानपणीच गाजलेला येहुदी मेन्युहिन बाझेलला बुशकडे शिकायला गेला, तो काय उगाच?

मंद्र:
ट्रायो सुंदर आहे, वादच नाही. पण मेन्युहिन पुढे जगभर एकलवादक म्हणूनच फिरला. १९५२ मध्ये तो भारतातही वाजवून गेला. गुरूचं नाव मात्र जाणकारांपुरतंच राहिलं.

गिरगावकर:
तुम्ही दोघंही १९३३ विसरताय. १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार सुरू झाला, त्याच दिवशी बुश क्वार्टेट बर्लिनमध्ये हायडन वाजवत होतं. त्यानंतर बुशनी जर्मनीतले सगळे कार्यक्रम रद्द केले. ते स्वतः ज्यू नव्हते. राहिले असते तर नाझी सत्तेने त्यांना डोक्यावर घेतलं असतं. झेर्किन ज्यू, सतराव्या वर्षापासून बुशच्या घरात वाढलेला, पुढे जावई झाला. आपला सर्वांत मोठा श्रोतृवर्ग त्यांनी स्वतःहून सोडला. १९३९ मध्ये अमेरिकेत गेले, पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका. नाव मागे पडण्याचं खापर क्वार्टेटवर फोडणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि 'क्वार्टेट वाजवणारे बरेच' हे मुंबईकराने तरी म्हणू नये. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी हा वाद्यवृंद उभा केला, १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. या शहरात चार माणसं एका सुरात बसवणं किती कठीण, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? पुढे फिलाडेल्फियातही ते कर्टिस क्वार्टेटमध्ये वाजवत होते.

तन्वीची आई:
मी जाणकार नाही, पण हा प्रश्न आमच्या घरात रोजचा आहे. मुलगी आठ वर्षं व्हायोलिन शिकतेय. क्वार्टेटमध्ये तिला दुसरं व्हायोलिन मिळालं तेव्हा रडली. शिक्षक म्हणाले, यात वेळ घालवू नकोस, स्पर्धेचा कन्सर्टो पक्का कर. मीही तेच म्हणत होते. सहा महिन्यांनी तिचा गज बदललेला मला बाहेरच्या खोलीतूनही कळतो. हळू वाजवतानाही आवाज विरत नाही.

मंद्र:
गिरगावकर, १९३३ चा मुद्दा मान्य. तो मी मांडायलाच हवा होता. नाव मागे पडण्याचं कारण मी चुकीच्या जागी शोधत होतो. पण हळहळ जात नाही. ऐन भरातल्या बुशचा ब्राम्स कन्सर्टो नीट स्टुडिओत मुद्रित झालेला मला हवा होता.

चौथी तार:
ही हळहळ मलाही आहे. पण बेथोवेनच्या ऑपस १३२ या क्वार्टेटचं बुश क्वार्टेटने केलेलं १९३७ चं ध्वनिमुद्रण लावा, तिसरा भाग. आजारातून उठल्यावर लिहिलेलं आभाराचं गीत. बुश तिथे कंप (व्हायब्रेटो, बोटाने सूर हलवणं) जवळजवळ काढून टाकतात, सूर नुसता धरून ठेवतात. चौघांत पहिलं व्हायोलिन कोणतं हे काही क्षण कळतच नाही. मग 'नवी शक्ती जाणवते' असं बेथोवेनने लिहिलेल्या जागी तोच गज उसळतो. तन्वीलाही ऐकवा, आणि बुश क्वार्टेटमधला दुसरा व्हायोलिनवादक आंद्रेआसोन काय करतो तिकडे तिचं लक्ष वेधा.