खेळाडूंचं मन : नाशिककरांनो, तुमचे अनुभव सांगा

हॅमस्ट्रिंग धरली की मैदानावरचा प्रत्येक जण विचारतो, 'बर्फ लावलास का?' रात्ररात्र झोप येत नाही, सरावाच्या नुसत्या विचाराने छाती धडधडते, हे मात्र सांगायचं कुणाला? अभिनव बिंद्रा २००८ च्या सुवर्णपदकानंतर आलेल्या नैराश्याबद्दल उघडपणे बोलले. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने मनाची तब्येत जपायला सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. आपल्याकडचा जिल्हा पातळीवरचा पोरगा मात्र गुपचूप खेळ सोडून देतो, याचं मला फार वाईट वाटतं. खेळाडू, आईवडील, सर, सगळ्यांनी लिहा. माणसांची आणि क्लबांची नावं नकोत.

धावपटू, सुरगाणा
कविताताई राऊतांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य जिंकलं. तेव्हापासून आमच्या डोंगरपट्ट्यात बरी पळणारी मुलगी दिसली की 'ही पुढची कविता' म्हणतात. प्रेमानेच म्हणतात. पण घर भात-नागलीवर चालतं आणि नोकरीची आशा ५ टक्के खेळाडू आरक्षणावर, तेव्हा त्या शब्दांचं ओझं होतं. नाशिकला सरावाला आले तर 'हलकी झालीस की टायमिंग येईल' असं सांगितलं गेलं. संध्याकाळची भाकरी बंद झाली. टायमिंग आलंही, थोडे दिवस. मग पाळी थांबली, नडगी दुखू लागली, वॉर्म-अप करतानाच रडू यायचं. हाडाला बारीक तडा निघाला. डॉक्टर म्हणाल्या ते प्रत्येक मुलीने वाचावं : मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडलं की पाळी बंद होऊ शकते, हाडं कमकुवत होतात, आणि चिडचिड, उदासीही त्यातून येते. मला वाटत होतं माझ्यात जिद्दच उरली नाही. खरं तर मी उपाशी होते.

कुस्तीगीर, सिन्नर
आमच्यात वजन उतरवायचं म्हणजे पाणी तोडायचं, स्वेटर घालून पळायचं. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून बाद झाली तेव्हा सगळेच हळहळले, पण तालमीतल्या पोरांना तिची वजन उतरवण्यात गेलेली ती रात्र आतून कळली. त्या दिवसांत माझं डोकं फिरायचं, आईवर ओरडायचो. वस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, वरच्या गटात खेळ. सध्या हरतोय. झोप लागते.

जलतरणपटूची आई, नाशिकरोड
शर्यतीच्या सकाळी लेकीला उलट्या व्हायच्या. 'नाटकं करते' म्हणणारे नातेवाईकही भेटले. समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, 'पाण्यात तुला काय आवडतं?' तोवर सगळे तिला सेकंदच विचारत. ती बराच वेळ बोलली, मी बाहेर बसून ऐकत होते.

प्रशिक्षक, पंचवटी
पोरगा अचानक गप्प झाला तर काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवत नाही. माझी खूण अशी : सगळ्यांच्या आधी येणारा उशिरा येऊ लागला, डबा तसाच परत नेऊ लागला, की मी त्याला घड्याळ न लावता पळवतो आणि त्याच्याशी एकट्याने बोलतो. सिलेक्शन तोंडावर असताना हे सोपं नसतं. पालकच अंगावर येतात.

नेमबाज, गंगापूर रोड
ताई, मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सांगितल्यात. डोपिंगमध्ये अडकेन का?

धागाकर्ती
नैराश्यावर नेहमी देतात त्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांवर 'वाडा'ची (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची) बंदी नाही. पण नेमबाजीत बीटा ब्लॉकरवर आहे, आणि छातीची धडधड कमी करायला कधीकधी तेच लिहून देतात. म्हणून गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना 'मी स्पर्धेत नेमबाजी करतो' हे स्पष्ट सांग आणि चिठ्ठीतलं प्रत्येक नाव बंदीच्या यादीत तपासून घे. मनाने गोळी बंद करू नकोस. मध्येच फार जड झालं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.