मदत हवी आहे: समुद्रात पोहणारी पुतणी, ४०० मीटर फ्रीस्टाइल आणि पुण्याला पाठवण्याचा प्रश्न

मंडळी, जलतरणातले जाणकार किंवा पोहणाऱ्या मुलांचे आईबाप इथे असतील तर सल्ला हवाय.

पुतणी सातवीत आहे, मालवणात राहते. पोहायला शिकली ती परसातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून, आमच्याकडे शिकतात तशीच. आता समुद्रात पोहते. चिवला बीचवर राज्यस्तरीय सागरी स्पर्धा होते, तिथे तिच्या गटात ती पुढच्या मुलींत आली. बाहेरगावची मुलं घेऊन आलेल्या एका कोचनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं, "हिला ४०० आणि ८०० फ्रीस्टाइलसाठी तयार करा. पण इथे राहून ते होणार नाही, आठवीपासून पुण्याला आणा." झालं, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. भावाची किल्ल्यावर जाणारी होडी आहे, म्हणजे सगळी कमाई सीझनवर. वहिनी अर्धीमुर्धी तयार. आईचं एकच पालुपद, "चेडवाक इतक्या लांब धाडूक नको."

कोचचं म्हणणं मला पटलं ते तिला कोल्हापुरात एका पंचवीस मीटरच्या तलावावर नेलं तेव्हा. पहिली लेन संपेपर्यंत ती बरोबरीच्या मुलींच्या पुढे होती. मग भिंत आली. टंबल टर्नसाठी तिने कोलांटी घेतली, पण भिंतीपासून फार लांब. पायांना टेकायला काही मिळेना, नाकात पाणी गेलं, आणि वर आली तेव्हा बाकीच्या निघून गेल्या होत्या. नंतर ती सरळ हाताने भिंत धरून वळायला लागली. नियमात बसतं ते, फ्रीस्टाइलमध्ये शरीराचा कुठलाही भाग टेकला की चालतं, पण प्रत्येक वळणाला मागे पडत गेली. पंचवीसच्या तलावात ४०० मीटरला अशी १५ वळणं, पन्नासच्या तलावातही ७. शिवाय समुद्रात बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) बघायला मान वर काढायची सवय. तलावात मान वर आली की कंबर खाली जाते, आणि खारं पाणी जसं अंग उचलून धरतं तसं गोडं धरत नाही.

त्यात आपला पावसाळा. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात कोण सोडणार पोरीला? तेव्हाच तलाववाली मुलं रोज सकाळ-संध्याकाळ पाण्यात असतात. हॉटेलांचे स्विमिंग पूल आहेत हो, पण ते पर्यटकांनी डुंबायचे. त्यात धड सरळ लेनसुद्धा आखता येत नाही.

दुसरीकडे वीरधवल खाडे डोळ्यांसमोर येतो. कोल्हापूरचा मुलगा, सरावासाठी बंगळूरला गेला, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला सोळाव्या वर्षी ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल पोहला. २०१० ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य. त्याआधी आपल्याला जलतरणातलं पदक १९८६ मध्ये खजान सिंगने मिळवून दिलं होतं! पुढे तो तहसीलदार झाला आणि आमच्या मालवणातच आला. नोकरी सन्मानाची, पण त्या काळात सराव सुटलाच. परत पाण्यात उतरला आणि २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलला २२.४७ सेकंदांत चौथा आला. कांस्यवाला २२.४६. असला एक शतांश सेकंद बघितला की वाटतं, भिंतीवरचं वळण आणि ब्लॉक (सुरुवातीची उडी मारायचा ओटा) लहानपणीच अंगात मुरायला हवेत.

पण तो स्प्रिंटर, आमची लांब पल्ल्याची. अमेरिकेच्या केटी लेडेकीने ऑलिंपिकची ८०० मीटर २०१२ ला पंधराव्या वर्षी जिंकली आणि २०२४ ला पॅरिसमध्येही तीच जिंकली, म्हणजे या अंतरात कारकीर्द लांब चालू शकते. शिवाय २००८ पासून ऑलिंपिकमध्ये १० किलोमीटर खुल्या पाण्यातली शर्यत आहे. जर्मनीच्या फ्लोरियन वेलब्रॉकने टोकियोत ती जिंकली आणि तलावातल्या १५०० मीटरचं कांस्यही नेलं. म्हणजे दोन्ही जमतं, पण तलाव टाळून नाही. माझं मत सांगायचं तर, तेराव्या वर्षी हॉस्टेलला टाकायच्या मी विरोधात आहे. दहावीनंतर बघू म्हणतो. भाऊ म्हणतो, तोवर गाडी सुटेल.

तर विचारायचं हे: बाराव्या-तेराव्या वर्षी घर सोडून सरावाला गेलेली मुलं तुमच्या बघण्यात आहेत का? शाळा कशी सांभाळली, आणि ज्यांचं जमलं नाही ती परत येऊन काय करतात? खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचं मला सांगू नका, ते माहीत आहे, पण तिथवर पोचतात किती?

अपडेट: दोघांनी विचारलंय की मुलीचं काय म्हणणं आहे. विचारलं. तिला पुणं नको, पण ब्लॉकवरून उडी शिकायचीय, आणि "काका, तो टर्न मी शिकणारच." म्हणून सध्या मे महिना कोल्हापूरला मामाकडे ठेवायचं ठरतंय. समुद्रातल्या मुलीला फक्त सुट्टीपुरतं शिकवायला कोच तयार होतात का? आणि पावसाळ्यात घरी कोरड्यावर काय करून घ्यावं? रबरी दोऱ्यांचा व्यायाम एकाने सुचवलाय, पण या वयात खांद्याला झेपेल का, हे ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा.