छोट्या लग्नासाठी संतूरवादक हवे आहेत, कृपया सल्ला द्यावा

ओसरी
नमस्कार. धाकट्या बहिणीचे लग्न मार्गशीर्षात आमच्या वाईच्या जुन्या घराच्या अंगणात करायचे ठरले आहे. दोन्हीकडची मिळून साठ माणसे असतील आणि मुहूर्त दुपारी 12.20 चा आहे. बहिणीला बँड नको, डीजे तर मुळीच नको. संतूर मात्र प्रत्यक्ष वाजायला हवे, असा तिचा हट्ट आहे. एकटा वादक पुरेल का, माइक लागेल का आणि वाजवायला नेमके कधी बसवावे? प्रवासासह एकूण खर्च 15,000 रुपयांच्या आत बसवायचा आहे, म्हणून त्या मर्यादेतलेच सुचवावे, ही विनंती.

सोहळाप्रिय
गेल्या वर्षी आमच्या मुलीच्या स्वागतसमारंभात आम्ही संतूर, बासरी आणि तबला असे तीन कलाकार बोलावले होते. बिदागी 65,000 रुपये झाली आणि ध्वनियंत्रणेचे पैसे वेगळे द्यावे लागले, पण पाहुणे अजूनही नाव काढतात. आपण थोडे हात मोकळे सोडावेत, आणि हो, तबला हवाच.

चौघडा
मुळात संतूर कशाला? लग्नाचे मंगलवाद्य सनई आहे. संतूर काश्मीरच्या सूफियाना मौसिकीतले, म्हणजे तिथल्या सूफी संगीतपरंपरेतले वाद्य. आपल्या अंगणाशी त्याचा काय संबंध? सनई-चौघड्याची जोडी आपल्या खर्चात सहज बसेल आणि तिला माइकही लागणार नाही.

जोडराग
चौघडा यांना सविनय सांगावेसे वाटते की, वाद्याचे स्थान कायमचे ठरलेले नसते. सनई दारातून उठून मैफलीत बसली, ती उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्यामुळे. संतूर मांडीवर घेऊन, त्याची रचना बदलून पंडित शिवकुमार शर्मा यांनी ते रागसंगीतात रुजवले. मैफलीत गेलेले वाद्य लग्नाला चालते, तर लग्नात आलेल्या वाद्याला मूळ गाव विचारण्याचे कारण नाही.

कलमवाला
मी स्वतः बारा वर्षे संतूर वाजवतो आणि लग्नांतही वाजवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पारंपरिक संतुराला पंचवीस घोड्या, म्हणजे तारांखालचे लाकडी टेकू, आणि प्रत्येक घोडीवर चार, अशा शंभर तारा असतात. आजच्या वाद्यांत हा आकडा कमीअधिक असतो, पण प्रत्येक तार किल्लीने सुरात लावावी लागते, हे कोणालाच चुकलेले नाही. त्यासाठी वादकाला किमान पाऊण तास आणि खरोखरची शांतता द्यावी. शेजारी मंडपवाला खुर्च्या आपटत असेल, तर ते काम होत नाही. एका रागासाठी लावलेल्या तारांवर दुसऱ्या स्वरांचे गाणे ऐनवेळी मागू नये, कारण मग पुन्हा किल्ली हातात घ्यावी लागते. जी गाणी हवी असतील, ती पंधरा दिवस आधी कळवावीत. दुपारच्या मुहूर्ताला सारंग रागाचा एखादा प्रकार शोभतो.

दुसरे म्हणजे, कलमेचा, म्हणजे तारांवर मारायच्या लाकडी काडीचा, आघात झाल्यावर तार बराच वेळ घुमत राहते आणि संतुराचे सौंदर्य त्या घुमण्यातच आहे. साठ माणसे एकमेकांची चौकशी करत असतील, तर ते घुमणे कोणालाच ऐकू येत नाही आणि ऐकू येते ती नुसती टकटक. मंगलाष्टकांच्या वेळी तर वादकाने हात आवरून बसावे, हेच बरे.

भाजलेला
आमच्याकडे वादकांना उन्हात बसवले होते. सकाळी उत्तम लागलेल्या तारा अर्ध्या तासात उतरल्या, आणि ते बिचारे प्रत्येक तुकड्यानंतर किल्ली फिरवत होते. मांडव होता, पण ऊन सरकते, याचा विचार कोणी केला नव्हता. तारा लावायला वेळ द्या, हे वर आलेच आहे. मीही तेच सांगतो.

नियमावली
कोणी परवान्याची भीती घातली तर घाबरू नये. प्रताधिकार कायदा, 1957 च्या कलम 52(1)(झेडए) नुसार विवाहाशी निगडित समारंभांतील संगीताला सूट आहे. ध्वनिवर्धक मात्र उघड्या जागेत रात्री दहानंतर चालत नाही.

सोहळाप्रिय
मुहूर्त दुपारी आहे, रात्रीचे कोणी विचारले आहे? माझे म्हणणे एवढेच की, स्वागतसमारंभ ठेवा, दोन चांगले माइक घ्या आणि तबला घ्या.

चौघडा
माइक लागणारे वाद्य अंगणात आणायचेच कशाला, हाच माझा मुद्दा होता.

कलमवाला
माइकबद्दल सोहळाप्रिय यांचे चुकीचे नाही. साठ माणसांच्या उघड्या अंगणात तो लागेलच, आणि लग्नाच्या ध्वनियंत्रणेवाल्याला बहुधा गायकाचा माइक लावायची सवय असते. तो तारांजवळ नेऊन आवाज वाढवला की शिट्टी मारू लागतो. खर्च कमी करायचा असेल, तर संगीत महाविद्यालयातल्या वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्याला विचारावे, पण त्याचे अर्धा तास सलग वादन आधी समोर बसून ऐकावे. ध्वनिमुद्रणावर जाऊ नये.

ओसरी
सर्वांचे आभार. चार दिवस विचार करून निर्णय घेतला आहे, तो बहुधा कोणालाच आवडणार नाही. लग्नाच्या दिवशी संतूर नाही. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनानंतर आमच्या माजघरात दोन्ही घरची वीस-बावीस माणसे जाजमावर बसतील आणि एक विद्यार्थिनी तासभर यमन वाजवेल. तिचे वादन मी काल तिच्या गुरूंच्या घरी जाऊन ऐकले. बंद खोलीत माइक लागणार नाही. ते पैसे वाचल्यामुळे तबल्याची साथही घेता आली आणि सारे मिळून 14,000 रुपयांत बसले. तारा लावायला तिला माडीवरची खोली दिली आहे आणि तिथे मुलांना जायला बंदी आहे.

सोहळाप्रिय
म्हणजे अडतीस पाहुण्यांना संतूर ऐकायलाच मिळणार नाही! एवढा खर्च करायचा आणि कोणाला कळूही द्यायचे नाही, हे माझ्या समजण्यापलीकडचे आहे.

चौघडा
मग मुहूर्तावर काय वाजणार?

ओसरी
सनईच. मामांच्या संग्रहात एक जुनी ध्वनिफीत आहे.

चौघडा
ध्वनिफीत!