‘म्लेच्छ’ : अर्थ आणि वापर

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे) :
आमच्या संकुलात जिन्यात चपलांचे ढीग लावणाऱ्या भाडेकरूंविषयी एका ज्येष्ठ सभासदांनी लेखी तक्रार दिली असून तीत ‘हे म्लेच्छ लोक’ असा उल्लेख आहे. भाडेकरूंपैकी काही सोलापूरचे, तर काही बिहारचे आहेत. ‘म्लेच्छ म्हणजे नुसते असंस्कृत, त्यात गैर काय?’ असे तक्रारदारांचे म्हणणे आहे. तक्रार इतिवृत्तात घ्यायची आहे. हा अर्थ बरोबर मानावा का?

उत्तर :
कोशाचा आधार मागितला तर ‘असंस्कृत’ हा अर्थ मिळेल. परंतु तो या शब्दाचा मूळ अर्थ नव्हे आणि मराठीतला मुख्य अर्थही नव्हे.

मुळात हा शब्द वागण्याविषयी नसून बोलण्याविषयी आहे. धातुपाठात (संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत) ‘म्लेच्छ्’ धातूचा अर्थ ‘अव्यक्ते शब्दे’, म्हणजे अस्पष्ट बोलणे, असा दिला आहे. व्याकरणकार पतंजलीने पाणिनीच्या व्याकरणावरील महाभाष्याच्या आरंभीच व्याकरण कशासाठी शिकावे हे सांगताना असुरांची कथा दिली आहे : ‘हे अरयः’ (अहो शत्रूंनो) म्हणण्याऐवजी ते ‘हेलयो हेलयः’ म्हणाले आणि पराभूत झाले, म्हणून ब्राह्मणाने अपशब्द (शिवी नव्हे, अशुद्ध शब्द) उच्चारू नये, कारण अपशब्द हाच म्लेच्छ होय. येथे म्लेच्छ हा माणूसही नाही. तो चुकीचा उच्चार आहे. कामसूत्रातल्या 64 कलांपैकी ‘म्लेच्छितविकल्प’ ही तर चक्क सांकेतिक बोलण्याची कला आहे. आपल्याकडची मुले मोठ्यांना कळू नये म्हणून ‘च’ची भाषा बोलतात, तोच प्रकार.

ज्याचे बोलणे आपल्याला कळत नाही तो परका, आणि परका म्हणून आचारहीन, अशी पुढची पायरी नंतर आली. मनुस्मृतीत काळवीट जेथे स्वभावतः वावरतो तो यज्ञाला योग्य देश आणि त्यापलीकडचा म्लेच्छदेश, अशी भूगोलाची रेघच ओढलेली आहे. तरीही ‘म्लेच्छ’ म्हणजे अडाणी असे सरसकट समीकरण तेव्हाही नव्हते. ज्योतिषी वराहमिहिर आपल्या बृहत्संहिता या ग्रंथात म्हणतो की यवन म्लेच्छ असले तरी ज्योतिषशास्त्र त्यांच्यापाशी उत्तम आहे, म्हणून त्यांनाही ऋषींप्रमाणे मान मिळतो. (हे यवन म्हणजे ग्रीक.)

मराठीत मात्र शब्दाला वेगळे वळण लागले. रामदासांच्या ‘आनंदवनभुवनी’त ‘म्लेंच्छसंहार जाहला’ असे येते, ते औरंगजेबाच्या संदर्भात. तेथे अर्थ परधर्मी, परकी सत्ता असा आहे आणि शब्दाचा रोख वैराचा आहे. ‘म्लेंच्छ’ हे अनुस्वारयुक्त रूप जुन्या मराठीत आढळते. उलट, व्यवहाराचा प्रश्न असे तेव्हा राज्यकर्ते नेमके शब्द वापरत : मराठेशाहीतल्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरील ग्रंथात फिरंगी (पोर्तुगीज), इंगरेज (इंग्रज), वलंदेज (डच) अशी नावे देऊन त्या सर्वांना ‘टोपीकर’ म्हटले आहे. ठाण्याचा किल्ला 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला तो फिरंग्यांकडून, आणि 1774 मध्ये गमावला तो टोपीकर इंग्रजांपुढे. त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे.

तेव्हा आजच्या मराठी वाचकाच्या कानावर ‘म्लेच्छ’ पडला की त्याला आधी परधर्म आणि शत्रुत्व आठवते, अस्वच्छता नव्हे. सोलापूरच्या माणसाला तो लागू करणे हास्यास्पद आहे. बिहारच्या माणसाला लागू करणे अधिक वाईट, कारण तेथे ‘तुझी भाषा आमची नाही’ हा जुना डंख नकळत जागा होतो.

पुन्हा प्रश्न :
मग ‘रानटी’ चालेल का?

उत्तर :
‘रानटी’मध्ये धर्माचा वास नाही, पण तोही माणसाला लावलेला शब्द आहे, कृत्याला नव्हे, शिवाय येऊरच्या जंगलाशेजारी राहून तो शिवीसारखा वापरावा हे मला रुचत नाही. इतिवृत्तात ‘जिन्यात पादत्राणे ठेवल्याने ये-जा करण्यास अडथळा होतो’ एवढेच लिहावे. मूळ तक्रारपत्र शब्दशः जपणे आवश्यक असल्यास ते स्वतंत्रपणे दप्तरी ठेवता येईल.